आप्तवाक्य, साक्ष आणि बातमी

पत्रकारिता आणि कायदा या दोन्ही विद्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एकाने पाहिलेली गोष्ट दुसऱ्याने, स्वतः न पाहता, खरी म्हणून केव्हा धरावी? साक्षीदाराने पाहिलेले न्यायाधीशाने पाहिलेले नसते आणि वार्ताहराने पाहिलेले वाचकाने पाहिलेले नसते. दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. भारतीय दर्शनांत या प्रश्नाला शब्दप्रामाण्याचा प्रश्न म्हणतात. त्यावर नैयायिक, मीमांसक, बौद्ध आणि चार्वाक शतकानुशतके एकमेकांशी भांडत आले. या दोन विद्या एकत्र शिकणारा विद्यार्थी नकळत त्याच वादात उतरतो.

ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत पत्रकारिता आणि कायदा यांची जोडपदवी रुळलेली आहे. महाराष्ट्रात वाट थोडी वळणाची आहे. पालघर तालुक्यातील सालवडचा एखादा विद्यार्थी बारावीनंतर पाच वर्षांच्या एकात्मिक विधी अभ्यासक्रमाला गेला, तर त्याला कला किंवा वाणिज्य अशी एक पदवी आणि एलएल.बी. अशा दोन पदव्या मिळतात. पत्रकारिताच आधी करायची असेल, तर मुंबई विद्यापीठाचा बी.ए.एम.एम.सी. तीन वर्षांचा आहे, आणि त्यानंतर सी.ई.टी. देऊन एलएल.बी.ची आणखी तीन वर्षे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेण्याची मुभा दिली. तथापि कायद्याच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम चालतात आणि ते एका वेळी दोन नियमित पदव्यांना हरकत घेतात. त्यामुळे या दोन विद्या बहुधा एकीमागून एक येतात. डोक्यात मात्र त्या एकत्रच नांदतात, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने विश्वासार्ह वक्त्याची, म्हणजे आप्ताची, दोन लक्षणे दिली. त्याने ती वस्तू साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. पुढे त्याने एक फार मोठी गोष्ट सांगितली: ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्ताचे लक्षण सर्वांना सारखेच लागू आहे. जात, पदवी, अधिकार यांतले काहीही वात्स्यायन विचारत नाही. पाहिले का, आणि पाहिले तसे सांगतोस का, एवढेच तो विचारतो. बातमीदारीच्या पहिल्या वर्गात आणि पुरावा कायद्याच्या पहिल्या तासाला शिकवले जाते ते यापेक्षा फारसे वेगळे नसते.

बौद्ध तार्किक दिङ्नागाने यावर आक्षेप घेतला. शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, नव्हेच, वक्ता भरवशाचा आहे यावरून आपण त्याचे बोलणे खरे असल्याचे फक्त अनुमान करतो, असे त्याचे म्हणणे. कोर्टातील उलटतपासणी दिङ्नागाच्या बाजूची आहे. साक्षीदार किती अंतरावर होता, उजेड कसला होता, आरोपीशी त्याचे काही वाकडे आहे का, हे सारे प्रश्न वक्त्याची परीक्षा घेणारे असतात. मीमांसकांचे मत दुसऱ्या टोकाचे. कुमारिल भट्टाच्या स्वतःप्रामाण्याच्या सिद्धांतानुसार ज्ञान उत्पन्न होते ते खरे म्हणूनच होते. बाध आला तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात, तसे नाही, ज्ञानाचे खरेपण बाहेरून तपासून ठरते. हा झाला परतःप्रामाण्यवाद. सकाळी चहासोबत पेपर उघडणारा वाचक मीमांसक असतो. छापले आहे ते खरे, खुलासा येईपर्यंत. न्यायाधीशाला नैयायिक असण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दोन्ही पदव्या घेतलेल्या माणसाला मीमांसक वाचकासाठी नैयायिकासारखे लिहावे लागते.

कायद्याने ऐकीव पुराव्याला दार बंद केले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० सांगत असे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. जे पाहिले ते पाहणाऱ्यानेच सांगावे, जे ऐकले ते ऐकणाऱ्यानेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. त्याचा पत्रकारितेवर होणारा परिणाम विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतो तेव्हा धक्का बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली लक्ष्मीराज शेट्टी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात म्हटले की वर्तमानपत्रातील वृत्त हा ऐकीव पुरावा आहे. बातमी देणाऱ्याने स्वतः येऊन साक्ष दिल्याखेरीज तिच्यातील मजकूर सिद्ध होत नाही. आयुष्यभर काढलेली कात्रणे कोर्टात फार तर एवढेच सांगतात की अमुक दिवशी अमुक मजकूर छापून आला होता.

हा फरक पुस्तकात जितका कोरडा वाटतो तितका सालवडमध्ये वाटत नाही. गावाला तारापूर औद्योगिक वसाहत लागून आहे. तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते, आणि खाडीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितलेली आहे. नाल्याकाठी राहणाऱ्या बाईला पाणी बिघडल्याचे ज्ञान नाकाने होते. पहाटे उग्र वास येतो, पाण्याला तांबूस तवंग असतो. जाळ्यात मासळी कमी लागते आणि लागते तिला वास असतो. वात्स्यायनाच्या कसोटीने ही बाई पूर्ण आप्त आहे. वार्ताहर येतो, तिचे म्हणणे टिपून घेतो, नाल्यातले पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरतो, बाटलीचा फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी बातमी लागते. बातमी खरी असते.

त्याच नाल्यावर त्याच पाण्याची दुसरी बाटली १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे भरली जाते. नमुना घेणारा अधिकारी आवाराच्या ताबेदाराला तिथल्या तिथे नोटीस देतो. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करतो. प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात घालून त्यावर खूण आणि मोहोर करतो, आणि अधिकारी व ताबेदार दोघेही त्यावर सही करतात. मग एक भाग प्रयोगशाळेकडे जातो. ताबेदाराने मागणी केली तर दुसरा भाग दुसऱ्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. यातील पायऱ्या पाळल्या नाहीत तर पृथक्करणाचा निष्कर्ष कुठल्याही कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून घेता येत नाही, असे कलमातच म्हटले आहे. दोन्ही बाटल्यांत पाणी तेच, घाण तीच. एका बाटलीतून ज्ञान मिळते आणि दुसरीतून शाबिती.

येथे घाईने असा निष्कर्ष काढला जातो की कायद्याचे सत्य अस्सल आणि बातमीचे दुय्यम. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कलम २१ मधल्या सह्या आणि मोहोरा सत्य शोधण्यासाठी नाहीत. चुकीचा भार कोणावर पडावा हे ठरवण्यासाठी आहेत. फौजदारी न्यायात निरपराध्याला शिक्षा होणे हा सर्वांत मोठा दोष मानला आहे, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पुरावा पुरेसा नसेल तर न्यायालय आरोपीला सोडते, आणि त्यामुळे आपण कर्तव्य चुकलो असे त्याला वाटण्याचे कारण नसते. वार्ताहराला ही सोय नाही. तो गप्प बसला तर नाला तसाच वाहतो, आणि त्याच्या मौनाची किंमत काठावरची बाई मोजते. न्यायालयाने मौन धरले तर कोणाला तरी संरक्षण मिळते. वार्ताहराच्या मौनाने कोणाचे तरी संरक्षण जाते. म्हणून दोघांच्या कसोट्या वेगळ्या असणे हे न्याय्यच आहे. दोन पदव्या घेतलेल्या तरुणाने पत्रकारितेत कोर्टाची कसोटी जशीच्या तशी आणली, तर तो कोणाबद्दलच काही लिहू शकणार नाही. आणि कोर्टात बातमीची कसोटी आणली, तर निरपराध माणूस तुरुंगात जाईल.

पण कसोट्या वेगळ्या म्हणजे कसोटीच नको असे नव्हे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. रात्री चोर फिरतात, मुले पळवतात, अशा अफवा त्या टाळेबंदीच्या दिवसांत गावोगाव पसरल्या होत्या. ज्याने त्याने ऐकलेले सांगितले. पाहिलेला कोणीच नव्हता. आप्ताचे पहिले लक्षणच तिथे गळाले होते. स्वतःप्रामाण्याचा सिद्धांत मीमांसकांनी मुख्यतः वेदवाक्याच्या समर्थनासाठी मांडला. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशाला तो लावला की काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण शोधावे लागत नाही. या हत्याकांडावर पुढे वृत्तवाहिन्यांवर झालेल्या चर्चांवरून वेगळे गुन्हे दाखल झाले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

न्यायदर्शनाने चर्चेचेही तीन प्रकार पाडले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा कुठलाही पक्ष न मांडता फक्त समोरच्याचे खंडन करत राहणे ही वितंडा. वकील बहुतेक वेळा जल्प करतो असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण कोर्टाची रचना अशी आहे की दोन जल्पांच्या मध्ये बसलेल्या न्यायाधीशाला वाद साधता यावा. वर्तमानपत्रात असा तिसरा माणूस नसतो. तिथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही एकाच हाताने लिहायचे असतात. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याची बाजू, तो स्वतः मांडेल तितक्याच जोराने, आधी मांडण्याची जुन्या भाष्यकारांची शिस्त होती. कायद्याचे शिक्षण पत्रकाराला जे देते त्यात कलमांच्या आकड्यांपेक्षा ही शिस्त मोलाची आहे.

महाराष्ट्रात या दोन विद्या एकत्र नांदल्याचा इतिहास मोठा आहे. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागात लिहिणारे महादेव गोविंद रानडे १८६६ चे एलएल.बी.; १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. त्याच विभागाचे काम पाहिलेले नारायण गणेश चंदावरकरही पुढे त्याच न्यायासनावर बसले. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये एलएल.बी. केले आणि जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' सुरू झाले. टिळक पुण्यात कायद्याचा वर्गही चालवीत. साताऱ्याहून १८९६ मध्ये पुण्यात आलेले नरसिंह चिंतामण केळकर हे स्वतः वकील. त्यांनी 'मराठा'चे काम आणि कायद्याचा वर्ग या दोन्हींना हात दिला. विद्यापीठाने जोडपदवी आखण्याच्या कितीतरी आधी पुण्यात ती अशी घरगुती स्वरूपात चालू होती.

टिळकांचा पहिला खटला मात्र जोडपदवीच्या अभिमानाला आवर घालणारा आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असे दाखवणारी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. पत्रे बनावट निघाली. संपादक टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू शुद्ध होता, महाराजांबद्दलची कळकळ खरी होती, आणि संपादकांपैकी एक कायद्याचा पदवीधर होता. याज्ञवल्क्य स्मृतीत लेख, भुक्ती (म्हणजे वहिवाट) आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगितली आहेत. लेख पहिला आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. तो कोणी लिहिला हे विचारावेच लागते. पाहिले तसे सांगण्याची इच्छा दोघाही संपादकांकडे होती, पाहिले कोणीच नव्हते.

टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात प्रश्न वेगळा होता. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख मराठीत लिहिलेले, आणि ज्या नऊ ज्युरींनी त्यांचा अर्थ ठरवायचा त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. पुरावा म्हणून पुढे होते ते सरकारी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, कित्येक तास भाषण केले, आणि त्याचा मोठा भाग भाषांतरातील शब्दांच्या झटापटीत गेला. संपादक आपल्याच वाक्याचा वकील झाला होता. सात विरुद्ध दोन असा कौल लागला आणि २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. शब्दप्रमाणासाठी ऐकणाऱ्यालाही शब्द कळावा लागतो, ही अट भाष्यकारांनी गृहीत धरली होती. त्या कोर्टात ती पुरी झाली नाही.

या दोन विद्यांचा सर्वांत अवघड संगम बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चा. बॅरिस्टर ते १९२२ मध्ये झाले. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले, महाडच्या पहिल्या परिषदेनंतर पंधरवड्याच्या आत. महाडचे चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांना खुले आहे, हे संपादक आंबेडकर निःसंदिग्धपणे लिहीत होते. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा स्पृश्यांनी दावा लावला आणि १४ डिसेंबरला महाडच्या कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसे जमली होती. संपादकाला जे सत्य उघड दिसत होते ते वकिलाने सिद्ध होईपर्यंत थांबवले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्यावर जाणे लांबणीवर पडले. निकाल लागायला जवळजवळ दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण तळ्यावर फक्त आपलाच हक्क असल्याची अनादी वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही. शाबितीचा भार कोणावर, हा प्रश्न इथे सगळ्यांत तेजस्वी दिसतो. शतकानुशतके ज्यांना 'तुम्ही सिद्ध करा' असे सांगितले गेले, त्यांच्या बॅरिस्टरने तोच भार दुसऱ्या बाजूवर टाकून दाखवला.

सत्य कळले आणि शाबीतही झाले, तरी ते सांगावे का, हा प्रश्न उरतोच. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कौशिकाचे व्रत सत्य बोलण्याचे. जीव वाचवण्यासाठी रानात लपलेल्या माणसांची वाट त्याने पाठलागावरच्या दरोडेखोरांना खरीखरी दाखवली. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. भारतीय कायद्याने ही गोष्ट आपल्या पद्धतीने पचवली आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव खरे असूनही छापणे गुन्हा आहे. फौजदारी बदनामीच्या कायद्यात नुसते सत्य पुरत नाही; ते सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केलेले असावे लागते. न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्यात सत्याचा बचाव २००६ च्या दुरुस्तीने आला, तोही सार्वजनिक हिताच्या अटीवर.

गुप्ततेच्या बाबतीत मात्र कायदा दोघांना सारखे वागवत नाही. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेले उघड करायला साक्ष्य अधिनियम मनाई करतो. पत्रकाराला माहिती देणाऱ्याच्या नावाला तसे कवच नाही. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ पत्रकाराला फक्त कौन्सिलपुढे सूत्राचे नाव सांगण्याच्या सक्तीतून वाचवतो, कोर्टापुढे नाही. विधी आयोगाने १९८३ च्या आपल्या ९३ व्या अहवालात पत्रकारालाही संरक्षण द्यावे असे सुचवले होते. ते कायद्यात उतरले नाही. कारखान्यातला जो कामगार रात्री नाल्यात काय सोडले जाते ते सांगतो, त्याचे नाव सांभाळणे वार्ताहराच्या एकट्याच्या निष्ठेवर राहते. ही उणीव गंभीर आहे, आणि दोन्ही विद्या शिकलेल्यांनी ती लावून धरायला हवी.

बोलण्याच्या हक्काचा सर्वांत महत्त्वाचा अलीकडचा निकालही पालघरशी जोडलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने मजकूर लिहिला होता, दुसरीने तो पसंत केला होता. या घटनेवरून श्रेया सिंघल या कायद्याकडे वळलेल्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद केला आहे. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी मोकळ्या, बंधन येते ते चिथावणीपाशी. वाद, जल्प, वितंडा या जुन्या विभागणीशेजारी ही नवी विभागणी ठेवून शिकवण्यासारखी आहे. जुनी बोलणाऱ्याचा हेतू पाहते, नवी बोलण्याचा परिणाम.

काही सत्ये या दोन्ही विद्यांच्या कक्षेबाहेर टिकून राहतात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांत सालवडचे सुकुर गोविंद मोरे होते. त्यांचे हौतात्म्य कोणत्याही कोर्टाने शाबीत केलेले नाही. ते टिकले आहे ते पालघरच्या हुतात्मा चौकातील स्तंभामुळे आणि दरवर्षी त्या तारखेला तिथे जमणाऱ्या माणसांमुळे. नैयायिक याला ऐतिह्य म्हणतील, मूळ वक्ता ठाऊक नसलेली परंपरेने आलेली माहिती, आणि तिला स्वतंत्र प्रमाण मानणार नाहीत. पौराणिकांनी मात्र ऐतिह्याला प्रमाणांच्या यादीत जागा दिली होती.

शिक्षण संपल्यावर दोन वाटा फुटतात. सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून पूर्णवेळ पत्रकार आणि वकील एकाच वेळी होता येत नाही, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बार कौन्सिलने हीच भूमिका मांडली. पण कौन्सिलच्याच नियम ५१ ने पूर्णवेळ नोकरी आणि जाहिरात टाळून पत्रकारिता करण्याची, तसेच वर्तमानपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने तपासून देण्याची मुभा ठेवली आहे. हे तपासण्याचे काम एका वाक्यावरही कळते. वार्ताहराने लिहिलेले असते: 'कारखान्याने नाल्यात विषारी पाणी सोडले.' तपासणारा विचारतो, सोडताना कोणी पाहिले, विषारी हे कोणी ठरवले? 'कथित' हा शब्द पेरून तो मोकळा होत नाही, कारण त्या शब्दाने वाक्याचा कणाच जातो. तो वार्ताहराला पुन्हा नाल्यावर पाठवतो, आणि वाक्य असे होऊन परत येते: 'मंगळवारी पहाटे पाच वाजता नाल्यातील पाणी तांबूस होते व त्याला उग्र वास येत होता, काठावर राहणाऱ्या तिघींनी हे पाहिले, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी सकाळी नमुना घेतला, कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आरोप नाकारला.'